एका ट्राउटची परतफेड

माणसाने बर्फाखाली खुशाल गाडलं जावं, पण पार्सल यायच्या वेळेला जाऊ नये. त्या वेळेला गाडलं गेलं की कुणीतरी बाहेर काढतं, आणि मग त्याचे उपकार फेडावे लागतात. बर्फातून बाहेर यायला मला थोडाच वेळ लागला. उपकारातून बाहेर यायची खटपट अजून चालू आहे.

गेल्या हिवाळ्यात मी आमच्या टोफूच्या दुकानाच्या छपरावरचा बर्फ लांब काठीने ओढून पाडत होतो. दुकान बंद करून मी आता घरी बसतो, पण छप्पर काही निवृत्त होत नाही. बर्फ थोडा थोडा पडायचा तो सगळा एकदम पडला. उजवा हात बाहेर राहिला, तोंडापुढे जरा पोकळी राहिली, बाकीचा मी आत. बायको फुकु घरात टीव्हीवर सुमोच्या कुस्त्या बघत होती. तेवढ्यात कुरिअरची गाडी थांबली.

"नुमातासान, पार्सल!"

अशा वेळी 'वाचवा' म्हणून ओरडायचं असतं हे मलाही कळतं. पण आमच्या सुगेदानी गावात कुणी तसं ओरडत नाही. कामावरच्या माणसाचा खोळंबा करायचा तर आधी माफी मागायला हवी. मी बर्फातून म्हणालो, "माफ करा हं, तुम्ही गडबडीत असाल. पार्सल दारात ठेवा. पोचपावतीवर शिक्का नंतर मारून देतो."

"काका, तुम्ही बोलताय कुठून?"

"तुमच्या पायाजवळून. पण घाई नाही."

त्या पोरसवदा माणसाचं नाव हिबिनो. त्याने गाडीतलं फावडं आणलं, मला उपसलं, उभं केलं, पाठीवरचा बर्फ झटकला. माझा एक रबरी बूट आतच राहिला. फुकु धावत आली, चहा घ्या म्हणाली, तर हा वाकून म्हणतो, "पुढे अजून बरीच घरं आहेत," आणि गेलासुद्धा. जीव वाचवून साधा चहाही न घेणारा माणूस फार धोकादायक. त्याची परतफेड कुठून सुरू करायची तेच कळत नाही.

कंपनीच्या नियमाप्रमाणे कुरिअरवाल्याने कुणाकडून हातात काही घ्यायचं नसतं. म्हणून फुकुने मुळ्याच्या लोणच्याचं खोकं बांधलं, वर त्याचं नाव घातलं आणि पार्सल न्यायला माणूस पाठवा म्हणून कळवलं. माणूस आला. हिबिनोच आला, कारण आमच्या भागाला दुसरा कुणी नाही. त्याने खोक्यावरचं नाव वाचलं. परत वाचलं.

"हे माझ्याच नावाचं आहे."

"हो ना."

"मग मी आता हे डेपोत नेतो, तिथे नोंद करतो आणि उद्या मला पोचवतो."

"सावकाश पोचवा. रस्ता निसरडा आहे," फुकु म्हणाली.

आमच्याकडे कुणी भेट दिली की तिच्या निम्म्या मोलाची भेट परत पाठवायची, असा रिवाज आहे. पूर्ण परत केली तर देणाऱ्याला वाटतं की आपलं देणं नको झालंय. काहीच परत केलं नाही तर गावाला वाटतं की वळण नाही. निम्मं म्हणजे बरोबर. त्याप्रमाणे आठवड्याभरात हिबिनो टॉवेलांचं खोकं घेऊन आला. पाठवणारा हिबिनो, आणणारा हिबिनो. आम्ही शिक्का मारला. आता प्रकरण इथे मिटायला हवं होतं. पण फुकु म्हणाली, "एवढ्या बर्फात स्वतःची भेट स्वतः उचलून आणली हो त्याने. या त्रासाबद्दल काहीतरी नको का द्यायला?" म्हणून सुकवलेले मशरूम गेले. त्यावर चहाची पुडी आली. चहाच्या कष्टाबद्दल लाल चवळीचं गोड पुरण भरलेले बन गेले. त्यावर पुन्हा टॉवेल. बर्फ वितळला, माझा बूट सापडला, त्यात एक बेडूक राहायला आला होता, तरी हे चालूच. आमचं कपाट टॉवेलांनी बंद होईना. त्या बिचाऱ्याच्या खोलीत मुळ्याचा वास किती भरला असेल ते त्यालाच ठाऊक.

एक दिवस तो सांगून गेला की जूनपासून त्याची बदली समुद्राकाठच्या डेपोत होतेय. त्या रात्री जेवताना फुकुने चॉपस्टिक्स खाली ठेवल्या.

"अहो, तो जायच्या आत एकदा नीट आभार मानायला हवेत. आणि खोक्यात मावेल असं काही नको. ज्याचं निम्मं करता येणार नाही असं काहीतरी द्या."

"असं काय असतं?"

"दिवस. एक दिवस द्या त्याला. आल्यावर प्रत्येक वेळी मागच्या ओढ्याकडे बघत उभा राहतो, ते दिसत नाही का तुम्हाला? गाडीत गळाची काठी आहे त्याच्या."

बायको चाळीस वर्षं टोफूचे चौकोन कापत आली आहे. तिचा हिशोब कधी तिरपा जात नाही. मी दुसऱ्याच दिवशी हिबिनोला विचारलं. त्याचे कान लाल झाले.

"काठी घेऊन दोन वर्षं झाली काका, पण पाण्यात अजून पडली नाही. सुट्टीच मिळत नाही. डेपोच्या आवारात डांबरावर सराव केलाय फक्त."

"डांबरावर काय लागलं?"

"साहेबांचा डबा. एकदाच."

"मग या. ओढा मला तळहातासारखा माहीत आहे," मी म्हणालो.

हे खोटं नव्हतं. त्या ओढ्यातला प्रत्येक दगड मला ओळखतो. फक्त एवढंच की माझी सगळी मासेमारी गांडुळावर झालेली, आणि ट्राउटचा खरा ओढा पुलाच्या वरच्या अंगाला सुरू होतो. तिथे गांडुळाला बंदी. गळाला पीस गुंडाळून केलेली नकली माशी पाण्यावर नाचवायची, मासा फसला तर बघायचा आणि सोडून द्यायचा, असा नियम. ज्यांना गांडुळं खणायचा कंटाळा येतो त्यांचा हा खेळ, असं मी जन्मभर चारचौघांत म्हणत आलो होतो. त्या चारचौघांपैकी एक कुरोइवा. तो आता ओढ्याच्या मच्छीमार संस्थेचा अध्यक्ष आहे.

"नुमाता, बाहेरच्या नवख्या माणसाला वर न्यायचं तर मार्गदर्शक लागतो," कुरोइवा म्हणाला.

"मी आहे की."

"दंडाला पट्टी कुठेय?"

पट्टीसाठी संस्थेचा वर्ग करावा लागतो. वर्गासाठी विमा लागतो. विम्यासाठी डॉक्टरचा दाखला लागतो, आणि दाखल्यासाठी डॉक्टर विचारतो, "या वर्षात काही अपघात?" मी बर्फाचं सांगितलं. तो म्हणाला, मग छातीचा फोटो काढू. अशा रीतीने ज्याचे आभार मानायचे त्याने मला किती व्यवस्थित बाहेर काढलं होतं, याचा सरकारी पुरावा मिळाला. फोटो घरी आला तेव्हा फुकुने तो उजेडाकडे धरून बघितला आणि म्हणाली, "हिबिनोसानला दाखवायला हवा."

वर्ग गावच्या सभागृहात होता. विद्यार्थी मी एकटा. चटईवर चहाची बशी ठेवायची आणि खोलीच्या दुसऱ्या टोकावरून पीस नेमकं तिच्यात पाडायचं. कुरोइवाने करून दाखवलं. पीस बशीत असं उतरलं की जणू राहायलाच आलं. मग मी काठी उचलली. पहिल्या फेकीला खिडकीचा कागद फाटला. दुसरीला दिव्याची दोरी अडकली आणि अंधार झाला. तिसरी मात्र खूप लांब गेली. संस्थेच्या संस्थापकांचा फोटो भिंतीवरून निघाला, हवेतून आला आणि माझ्या पुढ्यात उताणा पडला.

कुरोइवाने फोटो उचलून बाहीने पुसला. "तेसुद्धा गांडुळवालेच होते," तो शेवटी म्हणाला आणि पट्टी माझ्या दंडाला बांधली. पट्टीबरोबर नियमांची पुस्तिका दिली. वाचायला मी फार उशिरा शिकलो, त्यामुळे छापलेल्या प्रत्येक शब्दावर माझा अजून विश्वास आहे. मी ती दोनदा वाचली. त्यातला सगळ्यात मोठा नियम एकच: ट्राउट वरच्या दिशेला तोंड करून उभा असतो, म्हणून आपण खालून वर जायचं, आणि जो आधी उतरला त्याच्या वरचं सगळं पाणी त्याचं. त्याला ओलांडून पुढे जाणं म्हणजे दुसऱ्याने तापवलेल्या टबात त्याच्या आधी जाऊन बसणं.

आता पीस. शेजारच्या सेत्सूआजी आपली कोंबडीच काखेत घेऊन आल्या. "मानेचं पीस घे. मऊ असतं. पण उपटू नकोस, तिला विचारून घे."

कोंबडी पांढरीशुभ्र. मी पिसं गुंडाळून गळ तयार केला. तो माशीसारखा दिसत नव्हता, डासासारखाही नव्हता. कुरोइवाने हातात घेऊन विचारलं, "हा कुठला किडा?"

"पांढरा."

"पांढरा किडा या डोंगरात कुणी पाहिलाय?"

"मग माशालाही नवल वाटेल," सेत्सूआजी म्हणाल्या. "माझ्या कोंबडीला नावं ठेवू नका. आणि हो, त्या हिबिनोला हा डबा द्या. माझी औषधं तोच आणतो, वर येऊन बल्बही बदलतो."

इथे मला पहिल्यांदा कळलं की हिबिनोने फक्त मलाच काढलेलं नाही. कुणाची नळाची गळती, कुणाचं मांजर, कुणाला परगावच्या मुलाशी लावून दिलेला फोन. प्रत्येकाच्या मनात काहीतरी देणं तुंबलेलं होतं, आणि कुणालाच ते हातात देता येत नव्हतं. ओढ्यावर जायच्या आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत आमच्या दारात भाताच्या गोळ्यांचे, उकडलेल्या रानभाजीचे, ऑम्लेटच्या वळकट्यांचे डबे येत राहिले. नियमावलीत लिहिलं होतं की मार्गदर्शकाने सामान हलकं ठेवावं. मी सकाळी निघालो तेव्हा पाठीवर सगळं सुगेदानी होतं, आणि कमरेला सेत्सूआजींनी बांधलेली अस्वलं पळवायची घंटा.

हिबिनो गणवेशाशिवाय ओळखूच येईना. नवी टोपी, नवे बूट, काठी दोन्ही हातांनी धरलेली, जशी दुसऱ्याची असावी. आम्ही वरच्या बंधाऱ्यापाशी पोचलो. पाणी असं होतं की बघतच राहावं. आणि काठावर, अगदी त्याच क्षणी, दुसऱ्या पायवाटेने नागोया शहरातलं एक वयस्क जोडपं उतरलं. नाव कानामोरी. दोघांच्या टोप्या सारख्या.

आम्ही वाकलो. ते वाकले.

"तुम्ही आधी आलात," मी म्हणालो.

"छे छे, तुमची घंटा आम्ही आधीच ऐकली," कानामोरी म्हणाले. "आधी तुम्हीच. आम्ही तुमच्या खालून सुरू करतो."

ते खाली जाऊ लागले. आता पाहुणे नागोयाहून आलेले, आणि मी दंडाला पट्टी बांधलेला गावकरी. त्यांना उरलंसुरलं पाणी देऊन मी वर उभा राहू? मी हिबिनोला घेऊन त्यांच्याही खाली गेलो आणि म्हणालो, "वरचं तुमचं. आम्ही इथून."

"असं कसं, असं कसं," म्हणत ते आमच्या खाली गेले.

वाचकांपैकी कुणाला वाटेल की इथे कुणीतरी 'बरं' म्हणायला हवं होतं. तो वाचक आमच्या डोंगरात वाढलेला नाही. आम्ही बंधाऱ्यापासून मोठ्या दगडापर्यंत उतरलो, मोठ्या दगडापासून देवदारांपर्यंत. दर वळणावर वाकणं, माफी मागणं आणि आणखी खाली जाणं. सौ. कानामोरींचे गुडघे दुखू लागले, म्हणून मी त्यांची पिशवी घेतली. मी पिशवी घेतली म्हणून कानामोरींनी माझे दोन डबे घेतले. हिबिनो मधोमध चालत होता, काठी अजून कोरडी. मी त्याच्याकडे बघितलं की तो हसायचा आणि म्हणायचा, "फार सुंदर आहे, काका." दुसऱ्या कुणी हे म्हटलं असतं तर मी सुटलो असतो. याने म्हटलं आणि माझं काळीज तुटलं. त्याला मिळालेला एकच दिवस मी वाकण्यात घालवत होतो.

पूल आला. पुलाखालून गेलो. लाकडाची वखार गेली, शाळा गेली. दुपार झाली तेव्हा दोन्ही पक्ष माझ्याच घराच्या मागे, माझ्याच न्हाणीच्या भिंतीपाशी उभे होते. पुढे सेत्सूआजींचा मळा आणि कुंपण. यापेक्षा खाली जायला जागाच नव्हती.

कठड्यावर कुरोइवा उभा होता. शेजारी कोंबडी घेतलेल्या सेत्सूआजी. घंटा ऐकून निम्मं गाव गोळा झालं होतं.

"नुमाता," कुरोइवा म्हणाला, "पट्टी पुलाच्या वरची आहे. इथे तू मार्गदर्शक नाहीस."

पुस्तिकेत तसंच होतं. मी पट्टी सोडून खिशात घातली. पाठीवरचे डबे खाली ठेवले. सकाळपासून वाकत वाकत इतका मागे आलो होतो, की बर्फातच बरा होतो असा विचार मनात आला.

"हिबिनोसान," मी म्हणालो, "माफ करा. तुमचा दिवस मी वाया घालवला."

"इथे मी मासा धरू शकतो का?" त्याने विचारलं.

"मासेमारीचं तिकीट सगळ्या ओढ्याचं आहे," कुरोइवा म्हणाला. "इथे गांडूळही चालतं. फक्त याने शिकवायचं नाही."

"शिकवायचं नाही, पण शेजारी म्हणून बोललं तर?" सेत्सूआजींनी विचारलं.

कुरोइवाने विचार केला. "शेजाऱ्यांबद्दल नियमात काही नाही."

मग काय! मार्गदर्शक कुणीच नसल्यामुळे सगळेच बोलू लागले. "मनगट सैल!" "त्या फेसाच्या कडेला!" "सावली पाडू नका हो पाण्यावर!" कानामोरी म्हणाले, "डाव्या बाजूने बघा." माझ्या खिशात गांडुळांचा डबा होता, कुठल्याही मार्गदर्शकाच्या खिशात नसावा तसा. मी तो हळूच पुढे केला.

हिबिनोने मान हलवली. "तुम्ही बांधलेलं पीस आहे ना काका. लागलं तर यालाच."

त्याने फेकलं. कठड्याला लागलं. पुन्हा फेकलं. पाण्यात पडलं, पण मासा कुठला, पानही हललं नाही. "पांढरा किडा," कुरोइवा पुटपुटला. हिबिनोच्या मानेवर घाम आला. पुन्हा, पुन्हा. मी हाताची बोटं आवळून उभा. ओढ्याने मला आजवर इतके मासे दिले, त्यातला एक आज उसना मिळाला असता तर मी सगळे परत केले असते.

तेवढ्यात न्हाणीच्या भिंतीतल्या नळीतून पाणी आलं. आत फुकु, बाहेर काय चाललंय याची खबर नसलेली, टोफूचं पातेलं विसळत होती. दुकान बंद झालं तरी ती घरापुरता टोफू रोज करते, आणि जेवायच्या आधी पातेलं विसळते. सोयाबीनच्या चोथ्याचे पांढरे बारीक कण ओढ्यात पसरले.

आणि भिंतीखालच्या सावलीतून ट्राउट वर आला.

चाळीस वर्षं याच वेळेला, याच नळीतून पांढरं काही येतं आणि ते खायचं असतं, हे त्याच्या आज्यापणज्यांपासून ठरलेलं असणार. माझ्या घरामागे हे खानदान नांदत होतं आणि मी दूर बंधाऱ्यावर जात होतो. हिबिनोचं पीस कणांच्या मधोमध तरंगत होतं, कोंबडीच्या मानेचं, पांढरंशुभ्र. माशाने एकदा बघितलं आणि गिळलं.

काठी वाकली. हिबिनो ओरडला नाही. तो म्हणाला, "माफ करा, माफ करा," बहुतेक माशाला. सौ. कानामोरींनी माझा दंड इतका घट्ट धरला की पट्टीची गरजच उरली नाही.

"हे पाण्यात चारा टाकून मासा बोलावणं नाही का?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

अध्यक्षाने छाती काढली. "वहिनी भांडी विसळतायत."

मासा वीतभरच. हिबिनोने आधी हात ओले केले, मग त्याला पाण्यातच धरलं. अंगावर करड्या ठिपक्यांची रांग, जशी कुणी बोटांनी उमटवलेली. उन्हात ती थरथरत होती. इथे सोडायची सक्ती नव्हती. फुकु दारात आली होती, हातात पातेलं. ती म्हणाली, "मीठ लावून भाजू का?" हिबिनोने तिच्याकडे बघितलं, माशाकडे बघितलं, आणि हात उघडले. मासा क्षणभर तिथेच थांबला, मग भिंतीखाली घरी गेला.

हिबिनोने टोपी काढली. तो आधी पाण्याला वाकला, मग फुकुला, मग सेत्सूआजींना, मग कोंबडीला, कुरोइवाला, कानामोरी जोडप्याला. मी रांगेत शेवटचा. मार्गदर्शकाचा मान म्हणून मी ताठ उभा राहिलो, पण माझ्यापुढे आल्यावर तो वाकला तो बराच वेळ वरच येईना. मलाही खाली बघावं लागलं. दोघांचे बूट ओले होते.

मग डबे उघडले. ओढ्याकाठी बसून सगळ्या गावाने आपापले आभार हिबिनोला एकेका घासाने भरवले. कानामोरी म्हणाले की इतक्या वर्षांत असा दिवस गेला नाही. त्यांनी गळ पाण्यात टाकलाच नव्हता, हे कुणाच्या लक्षात आलं नाही, त्यांच्याही.

संध्याकाळी गाडी वळणाआड गेल्यावर फुकु म्हणाली, "झालं एकदाचं. आता याचं निम्मं त्याने करून दाखवावं." त्या रात्री आम्ही दोघंही गाढ झोपलो.

जुलैत पार्सल आलं. नवा कुरिअरवाला होता. त्याने शिक्का घेतला आणि गेला. खोक्यात उन्हाच्या दोन टोप्या होत्या, एक लहान, एक मोठी. आम्ही एकमेकांकडे बघत असतानाच फोन वाजला.

"काका, टोप्या बसल्या का? इथे मला ओळखीच्यांची एक लहान होडी मिळालीय. तुम्ही आणि काकू या. तुम्ही मला एक दिवस दिलात ना? म्हणून सकाळी निघू आणि दुपारी परत." मग त्याने हिशोब पूर्ण केला. "निम्मा दिवस."

फुकु शेजारीच कान लावून उभी होती. चाळीस वर्षं चौकोन कापणारी बाई, पहिल्यांदा तिचा हिशोब तिरपा गेला. मग ती हसायला लागली, इतकी की डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसायला तिने कपाटातला टॉवेल ओढला.

आम्ही बसने समुद्रावर गेलो. टोप्या बरोबर बसल्या. होडीत मला उलटी झाली, फुकुने दोन मासे धरले, आणि हिबिनो सुकाणू धरून सगळा वेळ आम्हाला 'मनगट सैल' म्हणत राहिला. त्याच्या दंडाला पट्टी नव्हती, पण चालतं. आम्ही त्याचे शेजारी होतो.

परतीच्या बसमध्ये फुकुने बोटांवर मोजून पाहिलं. आता आमच्यावर पाव दिवस आहे. तो शरदात इकडून जाईल तेव्हा त्याला न्याहारीला थांबवायचं ठरलंय, ताज्या टोफूची. त्याबद्दल तो पावाचं निम्मं परत करेल. त्याचं निम्मं आम्ही. निम्म्याचं निम्मं करत गेलं तर ते लहान लहान होत जातं, पण शून्य होत नाही, असं फुकु म्हणते. माझं आयुष्य त्याच्या आधी संपेल. देवाची कृपा.